कृती कोणाची, गुण कोणाचे?

आमच्या माध्यमिक शाळांतून सध्या एका शब्दाचे मोठे प्रस्थ माजले आहे. तो शब्द म्हणजे ‘कृती’. पूर्वी पाठाखाली प्रश्न असत, तेथे आता कृती असतात. भाषेची प्रश्नपत्रिका गेली आणि तिच्या जागी कृतिपत्रिका आली. शिक्षकाने शिकवावे ही भाषा मागे पडली. त्याने ‘सुलभक’ व्हावे असे प्रशिक्षणवर्गांतून सांगितले जाते. पालकसभांत, वार्षिक अहवालांत आणि शाळांच्या माहितीपत्रकांत या शब्दाचा उच्चार एखाद्या मंत्रासारखा होतो. ज्या शब्दाविषयी इतके एकमत झाले आहे, त्याच्या आड काय चालले आहे हे एकदा डोळे उघडून पाहणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आमचे म्हणणे आरंभीच स्पष्ट मांडतो. मुलाने स्वतःच्या हातांनी, डोळ्यांनी आणि बुद्धीने शिकावे या तत्त्वाशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे ते त्या तत्त्वाच्या नावाने चाललेल्या नकली व्यवहाराशी. कृती मुलाची म्हणून नोंदवली जाते, ती करतो मात्र दुसराच. आणि गुण मुलाच्या नावे जमा होतात. या व्यवहाराने चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे ज्ञान तर उणावतेच, परंतु त्याहून गंभीर हानी होते ती त्यांच्या सत्यनिष्ठेची. म्हणूनच हा विषय केवळ शिक्षणखात्याचा नाही. तो धर्मग्रामाचा आहे, कुटुंबाचा आहे, आणि सदसद्विवेकबुद्धीचा आहे.

कृतीतून शिकवण्याचे तत्त्व आम्हां ख्रिस्ती लोकांना कोणी परदेशातून आणून द्यायला नको. प्रभू येशूने आपल्या बारा प्रेषितांना दोघादोघांच्या जोडीने गावोगाव धाडले. निघण्यापूर्वी वाटेत काय न्यावे आणि काय नेऊ नये याच्या सूचना दिल्या. ते परत आले तेव्हा आपण काय केले व काय शिकवले याचा सारा वृत्तांत त्यांनी त्याला सांगितला, आणि मग तो त्यांना एकान्तात घेऊन गेला. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात हा प्रसंग आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. कृती आधी झाली, आणि आसनावर परत बसताच त्याने पहिला प्रश्न विचारला तो या कृतीचा अर्थ तुम्हांला कळला का, असा. सूचना, कृती, वृत्तांत आणि चिंतन अशा चार पायांवर हे शिक्षण उभे होते. यांतला एक जरी पाय काढला तरी खाट कलंडते.

विसाव्या शतकातील थोर शिक्षणतज्ज्ञांनी हेच सांगितले. श्रद्धावान कॅथलिक असलेल्या डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोममधील सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले ते ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे प्रभुप्रकटीकरणाच्या सणादिवशी. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्धा येथील परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणारी नयी तालीम मांडली. माँटेसरींचा विचार मराठी मातीत रुजवला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर. कोसबाड आमच्या वसईपासून दूर नाही, एकाच किनारपट्टीवर आहे. तेथील आदिवासी मुलांपुढे शैक्षणिक साधने म्हणून काय ठेवले गेले? शंख-शिंपले, बिया, पाने, खडे. ती साधने विकत आणावी लागत नव्हती. मूल ती स्वतः वेचत होते, स्वतः मोजत होते, आणि शेजारी बसलेल्या बाईंचे लक्ष त्याच्या बोटांवर होते.

आता ही थोरांची नावे घेऊन चाललेला आजचा व्यवहार पाहा. शाळेत ‘प्रकल्प’ सांगितला जातो. मुलगा घरी येऊन ते आईला सांगतो. आई बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानात जाते. तेथे इतिहासाचा, भूगोलाचा, विज्ञानाचा, पर्यावरणाचा असे विषयवार प्रकल्प चित्रांसकट तयार मिळतात; नाव लिहिण्यापुरती जागा कोरी सोडलेली असते. ज्यांना इतके उघडे करणे बरे वाटत नाही, ते रात्री जागून स्वतः करतात. बाबा मजकूर उतरवून काढतात, ताई चित्रे चिकटवते, मामा छपाई करून आणतो, आणि ज्याचा प्रकल्प तो शेजारच्या खोलीत झोपलेला असतो. आता तर हातातल्या मोबाइलला सांगितले की कृत्रिम बुद्धिमत्ता दोन मिनिटांत प्रस्तावना, उद्दिष्टे, निरीक्षणे आणि निष्कर्ष लिहून देते. निरीक्षण कोणी केलेच नाही, तरी निरीक्षणे तयार! दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणावरील आपल्या घोषणापत्रात आईबाप हे मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक असल्याची शिकवण दिली. आमच्या पालकांनी तिचा विचित्र अर्थ लावलेला दिसतो. ते शिक्षक व्हायचे सोडून विद्यार्थी झाले आहेत.

या वहीच्या पहिल्या पानावर प्रमाणपत्र असते. अमुक विद्यार्थ्याने हा प्रकल्प स्वतः पूर्ण केला आहे, अशा अर्थाच्या मजकुराखाली मुलाची सही, शिक्षकाची सही आणि शाळेचा शिक्का. तिघांनाही सत्य ठाऊक असते. धर्मशिक्षणाच्या वर्गात आठव्या आज्ञेचा पाठ घेताना आम्ही नववीच्या मुलांना खोट्या साक्षीची उदाहरणे विचारली. कोर्टातली साक्ष झाली, शेजाऱ्याची निंदा झाली, घरी सांगितलेल्या थापा झाल्या. दुकानातून आणलेल्या प्रकल्पाचे नाव कोणीच घेतले नाही, म्हणून आम्हीच ते घेतले. एक मुलगा अगदी निरागसपणे म्हणाला, “फादर, ते खोटं नाही, तो प्रकल्प आहे.” त्या उत्तरात उद्धटपणाचा लवलेश नव्हता आणि म्हणूनच ते अधिक भयंकर होते. कॉपी करणाऱ्या मुलाला आपण चूक करतो आहोत हे निदान ठाऊक असते; त्याच्या मनात भीती असते, म्हणून पश्चात्तापालाही वाव असतो. येथे तर आई, वडील, शिक्षक आणि शाळा अशा साऱ्या वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाने, शिक्क्यासह, असत्याची दीक्षा दिली जाते. लहान गोष्टींतील प्रामाणिकपणावरच मोठ्या गोष्टींतील विश्वास उभा राहतो ही प्रभूची शिकवण आपण मुलांना रविवारी ऐकवतो आणि सोमवारी त्यांच्या हाती तयार प्रकल्प देतो.

कृतिपत्रिकेची कथा याहून फारशी निराळी नाही. उताऱ्याखाली आकृतिबंध पूर्ण करा, ओघतक्ता तयार करा, चौकटीत उत्तर लिहा अशा कृती असतात. मुलगा उताऱ्यातला एकेक शब्द उचलून चौकटीत ठेवतो आणि गुण मिळवतो. आकलनाची पहिली पायरी म्हणून यात गैर काही नाही. परंतु पहिल्याच पायरीवर इतकी गर्दी झाली, की पुढचा जिना रिकामा राहतो. ज्या वयात कारण आणि परिणाम जोडणारे सलग वाक्य लिहिता यावे, एक विचार परिच्छेदभर पेलता यावा, त्या वयात आमची मुले सुटे शब्द वेचत बसली आहेत. या पत्रिकेतली एक कृती मात्र आम्हांला मनापासून आवडते. तिचे नाव ‘स्वमत’. पाठ्यपुस्तकातल्या विचारावर मुलाने स्वतःचे मत मांडावे, यापरते चांगले काय? पण बाजारातील मार्गदर्शके उघडून पाहा. प्रत्येक पाठाचे स्वमत तेथे तयार छापलेले असते! हजारो मुलांचे एकच स्वमत, तेही परक्याने लिहिलेले, आणि शिकवणीवर्गात पाठ करून घेतलेले. ज्या घोकंपट्टीला हाकलण्यासाठी कृतीला आणले, तीच घोकंपट्टी कृतीचे वस्त्र पांघरून मागल्या दाराने घरात येऊन बसली आहे.

येथे काही जाणकार आम्हांला संशोधनाचा हवाला देतील. तोही पाहू. २०१४ साली महाविद्यालयीन विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा अमेरिकेत प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना वर्गातच सक्रिय ठेवणाऱ्या अध्यापनाने परीक्षेतील गुण सरासरी सुमारे सहा टक्क्यांनी वाढले, आणि केवळ व्याख्याने ऐकणाऱ्यांत नापास होण्याचे प्रमाण दीडपट आढळले. हे आम्ही आनंदाने मान्य करतो. पण ती सक्रियता वर्गात होती, अध्यापकाच्या डोळ्यांदेखत होती, आणि विद्यार्थ्याची स्वतःची होती. दुसऱ्या बाजूने २००६ साली कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी एका गाजलेल्या लेखात इशारा दिला, की विषयात नवख्या असलेल्या विद्यार्थ्याला पुरेशा मार्गदर्शनावाचून शोध घ्यायला सोडले, तर त्याच्या स्मरणशक्तीवर नको तेवढा भार पडतो आणि शिकणे खुंटते. माध्यमिक शाळेतला विद्यार्थी असाच नवखा असतो. बीजगणितातील समीकरण, रासायनिक अभिक्रिया, इतिहासातील कार्यकारणभाव या गोष्टी चार्टपेपर कापून सापडत नाहीत. त्या कोणीतरी समजावून सांगाव्या लागतात, पुन्हा पुन्हा सोडवाव्या लागतात, आणि काही अंशी पाठही कराव्या लागतात. जॉन ड्यूई, ज्यांच्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि ज्यांचे ऋण त्यांनी जन्मभर मानले, ते या अनुभवाधिष्ठित शिक्षणाचे आद्य प्रवर्तक. परंतु १९३८ साली त्यांनीच आपल्या अतिउत्साही अनुयायांना बजावले होते, की प्रत्येक अनुभव शिक्षण देतोच असे नाही. काही अनुभव पुढच्या शिक्षणाची वाट अडवणारेही असतात. आमचे तयार प्रकल्प या दुसऱ्या वर्गात मोडतात.

मग हे सारे चालू कसे राहते? त्याचे उत्तर गुणांत आहे. २०१८-१९ या वर्षी राज्य मंडळाने दहावीच्या भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत २० गुण बंद केले. मार्च २०१९ च्या परीक्षेचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, हे खरे. पण महाराष्ट्रभर ओरड झाली ती गुणांसाठी. इतर मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात, अकरावीच्या प्रवेशात आमची मुले मागे पडतील, हा पालकांचा युक्तिवाद होता आणि त्यात तथ्यही होते. २०१९-२० पासून ते २० गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. महामारीमुळे भूगोलाची परीक्षा रद्द करून सरासरीने गुण द्यावे लागले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. आमचा मुद्दा निकालाच्या आकड्यांचा नाही. त्या साऱ्या गदारोळात, गुण गेल्यामुळे मुलांचे शिकणे थांबले अशी तक्रार करणारा एकही आवाज आमच्या कानी आला नाही. कृती हवी होती ती गुणांकरिता. शिकण्याकरिता ती कोणी मागितलीच नव्हती.

या सौद्यात सर्वांत जास्त नागवला जातो तो गरीब. ज्याच्या घरी मजकूर उतरवून देणारे बाबा नाहीत, रंगीत छपाईला पैसे नाहीत, ज्याची आई पहाटे कामाला निघते आणि दिवेलागणीला परतते, अशा आदिवासी पाड्यावरच्या किंवा मजुराच्या मुलाची वही फिकी दिसते. कदाचित तेवढी एकच वही त्याने स्वतः केलेली असते. चकचकीत वहीला अठरा आणि प्रामाणिक वहीला बारा गुण मिळतात तेव्हा वर्गातली सारी मुले एक धडा पक्का शिकतात. लेखी परीक्षेचे दोष आम्हांला ठाऊक आहेत. पण तेथे निदान तीन तास श्रीमंत आणि गरीब मूल एकाच बाकावर, एकेकटे, आपापल्या बुद्धीसह बसते. मिशनरी शाळा उघडल्या त्या कोणासाठी, हे ज्यांना आठवते त्यांनी या फिक्या वहीचा विचार करावा.

शिक्षकांवर सारा दोष टाकणे मात्र अन्यायाचे होईल. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या कृतीकडे लक्ष देणे एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यातच निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, माहिती भरण्याचे अगणित तक्ते. अंतर्गत गुण कमी दिले तर पालक दारात उभे, आणि निकाल खाली आला तर व्यवस्थापन दारात उभे. अशा कोंडीत सापडलेला शिक्षक डोळे मिटून सही करतो. त्याला दोष देणाऱ्या संस्थाचालकांनी आधी आपल्या तुकड्यांचा आकार पाहावा, आणि त्या संस्थाचालकांत आमच्या ख्रिस्ती संस्थाही येतात.

‘मग तुम्हांला जुनी घोकंपट्टीच परत हवी आहे काय?’ असा प्रश्न आम्हांला विचारला जाईल. छडीच्या धाकाने सनावळ्या पाठ करण्याचा काळ आम्ही पाहिला आहे. त्याची आम्हांला मुळीच ओढ नाही. मात्र पाठांतराला सरसकट शिवी देणेही आम्हांला मान्य नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले गेले, परंतु ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा भाविकांच्या हृदयात ते पोहोचले ते ओव्या ऐकून, गाऊन आणि मुखोद्गत करून. जे प्रेमाने पाठ होते ते आयुष्यभर सोबत करते. स्मरण आणि कृती या सख्ख्या बहिणी आहेत. त्यांच्यात भांडण लावले ते आपण.

खरी कृती कशी असावी याचे एक उदाहरण देतो. २०२० च्या सुमारास नववी-दहावीसाठी जलसुरक्षा हा विषय आला. विषय उत्तम, आणि वसईकरांच्या तर जिव्हाळ्याचा. आमच्या बागायतीचा इतिहास हा विहिरींचा आणि बावखलांचा इतिहास आहे. पावसाचे पाणी बावखलात साठायचे, जमिनीत मुरायचे आणि वाडीतल्या विहिरींचे पाणी गोडे राहायचे. कित्येक बावखले बुजली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. ज्या गावातल्या मुलाने बावखल डोळ्यांनी पाहिले नाही, तो दुष्काळी प्रदेशाची छायाचित्रे चिकटवून पाण्यावरचा प्रकल्प सादर करतो! त्याऐवजी वर्गाने आपल्या गावातल्या विहिरींची यादी करावी. दोरीला गाठी मारून दर महिन्याला पाण्याची पातळी मोजावी. आजोबांना विचारून बुजलेल्या बावखलांच्या जागा नकाशावर टिपाव्यात. मग वर्गात बसून, पातळी कोणत्या महिन्यात किती उतरली आणि का, यावर प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत एक पान लिहावे. खर्च म्हणाल तर एका दोरीचा. हा प्रकल्प दुकानात मिळणार नाही आणि कोणत्याही यंत्राला सांगून लिहिता येणार नाही, कारण त्या विहिरीचे पाणी त्या मुलानेच मोजलेले असेल.

तेव्हा आमच्या मागण्या मोजक्या आहेत. पहिली मागणी आमच्या स्वतःच्या शाळांकडे. गुणांसाठीची प्रत्येक कृती शाळेच्या वेळेत, शाळेने दिलेल्या साध्या साहित्यातून आणि शिक्षकासमोर व्हावी. घरून आणलेली सजावट तपासलीच जाऊ नये. कृती कमी असाव्यात, वर्षाला विषयामागे एक पुरे. परंतु प्रत्येक मुलाने आपल्या कृतीविषयी दोन मिनिटे तोंडी बोलावे. दोन मिनिटांत वही कोणाची ते कळते. दुसरी मागणी पालकांकडे. मुलाच्या वहीपासून आपले हात दूर ठेवा. त्याची चित्रे वाकडी येतील, येऊ द्या. त्याला बारा गुण मिळतील, मिळू द्या. ते बारा त्याचे असतील. तिसरी मागणी धर्मग्रामांकडे. आपल्या सभागृहांची दारे लग्नांच्या हंगामाखेरीज बंदच असतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती नववी-दहावीच्या मुलांसाठी उघडावीत. पुस्तके, एक टेबल आणि निवृत्त शिक्षकांपैकी कोणीतरी एक, एवढे पुरे आहे. पाड्यावरच्या मुलाला तेथे पहिली जागा मिळावी, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

अशाने आपल्या शाळांचे निकाल दोन-चार टक्क्यांनी उतरतील, अशी भीती व्यवस्थापन बोलून दाखवील. उतरतील तर उतरू देत. आमच्या संस्थांच्या भिंतींवर सत्य, सेवा, श्रद्धा असे शब्द मोठ्या अक्षरांत कोरलेले आहेत, टक्केवारी कोठेही कोरलेली नाही. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील आणि पहिल्या प्रकल्पाचा विषय फळ्यावर लिहिला जाईल. त्या दिवशी आपल्या घरातून दुकानाकडे कोणीही जाऊ नये, एवढीच या पानांवरून आपणां सर्वांना आमची आग्रहाची विनंती आहे.